कळसावरचं अक्षर

भिवाकाका गमरे यांच्या हातात कुणी नाणं दिलं की ते आधी त्याचा वास घेत. मग अंगठ्याने कड चाचपत, मग डोळ्याला भिंग लावत, आणि समोरच्याचा जीव पुरेसा टांगणीला लागला की मग तोंड उघडत. मला त्यांच्या या संथपणाचा भयंकर राग येई. मी तेव्हा एकवीस वर्षांची, म्युनिसिपालिटीच्या शाळेत नुकती चिकटलेली मास्तरीण, आणि मला जगातली प्रत्येक गोष्ट लगेच हवी असे. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे, आणि तो राग आठवला की माझं मलाच हसू येतं. सगळाच राग हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता म्हणा. ते पुढे येईलच.

काका मूळचे खेडकडचे. अठराव्या वर्षी मुंबईला आले आणि टाकसाळीत हमालीला लागले. ते साल १९१८. लढाईमुळे देशात चांदीच्या रुपयांची टंचाई झाली होती आणि अमेरिकेने आपले कोट्यवधी डॉलर वितळवून चांदीच्या लाद्या इकडे धाडल्या होत्या. त्या लाद्या वाहणाऱ्यांत काका होते. ‘‘अमेरिका मी खांद्यावरनं वाहिलीय,’’ असं ते सांगत, आणि खांदा दाखवत. खांद्यावर काहीही दिसत नसे. पुढे कुणा साहेबाला त्यांच्या नजरेची पारख झाली आणि त्यांना निवडीच्या मेजावर बसवलं. समोरून नवी नाणी सरकत जायची आणि पुसट छापाचं, फुटक्या कडेचं नाणं तेवढं उचलून बाजूला टाकायचं. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांची बायको सुंदराबाई म्हणायची, ‘‘भाकरी वाढली तरी आधी कड बघत्यात. पास झाली तर खात्यात.’’

ते राहायचे परळला, पोयबावडीच्या चाळीत. आम्ही लालबागला. आमची ओळख झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. माझ्या आईचं नाव शेवंती. ती मिलमध्ये वायंडिंग खात्यात होती, आणि मोर्चा म्हटलं की पदर खोचून पुढे. भिवाकाका तेव्हा नुकते निवृत्त झालेले. समितीच्या पत्रकांचे गठ्ठे ते आमच्या चाळीत आणून पोचवत, आणि एकही पत्रक कमी भरत नसे. त्यांनी छप्पनच्या डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर दीक्षा घेतली होती, घरातले देव गेले होते. आमच्या घरी कोकणातले सगळे देव दाटीवाटीने बसलेले. पण आईचं आणि त्यांचं चांगलं जमे. ती त्यांना भिवाभाऊ म्हणे आणि ते तिला वहिनी.

सत्तावन साली नवे पैसे आले आणि काकांना दिवस बरे आले. सगळी मुंबई सोळा आणे आणि शंभर नवे पैसे यांच्या हिशेबात गोंधळलेली. जो तो हातातलं नाणं उलटसुलट करून बघायचा. काका नाण्यावरच्या सालाखाली नख ठेवत आणि सांगत, ‘‘हा बारीक ठिपका दिसला? ही मुंबईची खूण. कलकत्त्याची टाकसाळ खूण करीत नाही. तिला वाटतं, आपण थोरली, आपल्याला कोण ओळखत नाही? आता सांगा दिल्लीला, मुंबई कुणाची ते नाण्यावर बघा म्हणावं.’’ या युक्तिवादात तसा काही दम नव्हता, पण आमच्या गॅलरीत त्याला टाळ्या पडत.

परदेशी नाण्यांची विद्या त्यांना शामरावांमुळे मिळाली. शामराव म्हणजे गिरगावात मुगभाटातले एक निवृत्त बँक कारकून. त्यांना नाण्यांचा षौक. लढाईच्या दिवसांत मुंबईत अमेरिकन शिपाई उतरत, त्यांच्याकडून त्यांनी पुष्कळ नाणी जमवली होती. अमेरिकेचा एक जाडजूड नाणेग्रंथ त्यांना जवळजवळ पाठ होता. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि समोरचं अक्षर दिसेना. तेव्हा दर रविवारी भिवाकाका त्यांचे डोळे होऊन जात. काका बघायचे, ‘‘गरुडाखाली एस आहे,’’ म्हणायचे, आणि शामराव डोळे मिटून सांगायचे, ‘‘सॅन फ्रान्सिस्को.’’ काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ठशांवरची मोठी अक्षरं ओळखीची होती. पहिली दोन वर्षं त्या घरात शामरावांना चहा कपात मिळे आणि काकांना वेगळ्या ठेवलेल्या ग्लासात. तिसऱ्या वर्षी त्यांनाही कप आला. काका म्हणत, ‘‘माझे डोळे त्यांना लगेच चालले. ओठ चालायला दोन वर्षं लागली.’’ हे ते हसत सांगत. मला मात्र ऐकताना हसू येत नसे.

आता माझ्या वडिलांचं सांगायला हवं. त्यांचं नाव रघुनाथ, सगळे रघु म्हणत. मालवणकडचे, बोटीवर खलाशी. एक्केचाळीस साली ते बोटीवर चढले तेव्हा मी चार वर्षांची होते. तीन बंदरांवरून त्यांची तीन पत्रं आली. बेचाळीसच्या जुलैत त्यांची बोट अटलांटिकमध्ये बुडवली गेली आणि कंपनीचा कागद आला की माणसं बेपत्ता आहेत. मेली असं त्यात लिहिलेलं नव्हतं. आईने तो कागद घडी करून ठेवला आणि कुंकू लावून मिलमध्ये गेली.

चार वर्षांनी, सेहेचाळीस साली, एके सकाळी एक बंगाली खलाशी पत्ता शोधत आमच्या दारात आला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदीही मोडकी. त्याने ‘‘रघुनाथ ने दिया, घर के लिए’’ एवढं सांगितलं आणि रुमालात बांधलेलं एक नाणं आईच्या हातावर ठेवलं. कुठे भेटला, कधी भेटला, असं आई विचारत राहिली. तो ‘‘जहाज, जहाज’’ म्हणाला, हात जोडले आणि गेला, कारण त्याची स्वतःची बोट दुपारी सुटणार होती. आई त्याच्यामागे रस्त्यापर्यंत धावली होती, हे मला आठवतं.

ते अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं होतं, पावलीहून मोठं आणि अधेलीहून लहान. एका बाजूला एका साहेबाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला खांबांची, घुमटाची एक इमारत. आमच्या चाळीतल्या सगळ्या बायकांनी ते बघून एकमताने ठरवलं की हे देऊळ आहे. आईने सोनाराकडून नाण्याला कडी लावून घेतली आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्यांमध्ये ते ओवलं. देवळाचा कळस वर यायला हवा, ही तिची अट. म्हणून सोनाराने कडीचा पाय कळसावर ठेवून कथलाचा डाख देऊन जोडला. साहेब त्यामुळे मागच्या बाजूला खाली डोकं वर पाय झाला आणि आईच्या छातीशी लपला. त्याची कुणी विचारपूस केली नाही. दर पंधरवड्याला आई ते गळ्यातल्या गळ्यातच चिंचेने घासून लख्ख करी. बुडालेला माणूस पैसे पाठवत नाही, असं ती म्हणे, आणि तिच्यापुढे कुणाची बोलायची छाती नव्हती.

अठ्ठावन साली गणपतीच्या आधी मी ते नाणं घासून देत होते. घासता घासता उलटं केलं, आणि मास्तरकीची सवय म्हणून साहेबाशेजारचं साल मोठ्याने वाचलं. एकोणीसशे बेचाळीस. दारात माझा काका दगडू बसला होता, वडिलांचा धाकटा भाऊ. मी जीभ आवरायला हवी होती. पण मला कधी ते जमलेलं नाही.

दगडूकाका वाईट माणूस नव्हता. थोरल्या भावाचा विषय निघाला की त्याचा आवाज बसायचा. तो म्हणाला, ‘‘वयनी, बेचाळीसचा नाणा म्हंजे दादान ता बोट बुडायच्या आदीच त्या बंगाल्याकडे दिल्यान. बंगालो चार वर्सा फिरत रवलो नि मगे हयसर इलो.’’ तो पुढे म्हणाला, ‘‘दादा माज्या सपनात येता. पाणी मागता. मी देऊक जातंय तर जाग येता. बारा वर्सा कदीच उलाटली. आता मोकळो करूया त्येका.’’

मोकळं करायचं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि मग त्याचं दिवसपाणी करतात. दगडूकाकाने बाणगंगेवरच्या भटजींना विचारूनही ठेवलं होतं, सर्वपित्री अमावास्येचं. त्या पुतळ्याला अग्नी दिला की त्याच दिवशी आईने गळ्यातलं उतरवायचं.

आईने दोन दिवस घेतले. मग ती म्हणाली, ‘‘भिवाभाऊंना नाण्यातलं कळतं. ते बघू देत. ह्यांनी बोट बुडायच्या आधी दिलेलं असेल तर भावजी, तुम्ही म्हणाल ते करू. मी गळ्यातलं काढते. नंतरचं असेल तर पुतळ्याचं नाव माझ्या घरात काढायचं नाही.’’

दगडूकाका कुरकुरला. ज्याने स्वतःचे देव घरातून काढले तो आमचे विधी ठरवणार का, असं त्याचं म्हणणं. आई म्हणाली, ‘‘म्हणूनच त्यांना विचारायचं. ते भटजीच्याही बाजूचे नाहीत नि माझ्याही.’’

भिवाकाका आमच्याकडे आले. आईने मान पुढे केली आणि त्यांनी ते गळ्यातच बघितलं, भिंग लावून, श्वास रोखून. साहेब उलटा बघून ते हसले. ‘‘अमेरिकन नाणं असंच. आपल्या रुपयावर राजा सरळ धरून बाजू पालटली तरी मागचं सरळ राहतं. त्यांचं डोक्यावर उभं राहतं.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘वहिनी, घासलं नाही तर किती दिवसांत काळं पडतं?’’ आई म्हणाली, ‘‘पंधरा दिवसांत.’’ काका हं म्हणाले आणि कडीच्या पायाकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘शामरावांना विचारून सांगतो,’’ म्हणाले आणि उठले.

दोन दिवसांनी निकाल कळला, म्हणजे कोडं कळलं. बेचाळीस साली अमेरिकेने पाच सेंटची नाणी दोन तऱ्हांची पाडली. लढाईसाठी निकेल हवं झालं, म्हणून ऑक्टोबरपासून नाण्यातलं निकेल काढून त्यात चांदी घातली. ही नाणी पुढे निराळी ओळखता यावीत म्हणून टाकसाळीचं अक्षर मोठं करून थेट इमारतीच्या घुमटावर छापलं. फिलाडेल्फियाची टाकसाळ आपल्या कलकत्त्यासारखी, कधी खूण न करणारी, पण तिनेही या वेळी पी अक्षर टाकलं. म्हणजे घुमटावर अक्षर असेल तर ते नाणं ऑक्टोबर बेचाळीसच्या आधी जगात नव्हतंच. बोट बुडाली जुलैत. सगळा फैसला त्या घुमटावर होता, आणि घुमटावर आमच्या सोनाराचा डाख बसलेला.

‘‘डाख काढावा लागेल,’’ काका म्हणाले. म्हणजे नाणं मंगळसूत्रातून काढायचं. आई म्हणाली, ‘‘रविवारी येते.’’

मला रविवारपर्यंत धीर निघेना. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी पोयबावडीला गेले. काका जमिनीवर बसून छत्रीची काडी दुरुस्त करत होते. सुंदराबाईंनी चहा दिला. मी सरळच विचारलं, ‘‘काका, तुम्हाला ठाऊक आहे ना अक्षर आहे की नाही ते?’’

‘‘डाखाखालचं कुणाला दिसतं?’’

‘‘तुम्ही काळं पडायचं विचारलंत.’’

त्यांनी छत्री बाजूला ठेवली. ‘‘निकेलचं असतं तर एवढं काळं पडलं नसतं. चांदीचा मला संशय हाय. पण संशयावर मी कधी नाणं पास केलं नाही.’’

मी आनंदाने उडायचीच बाकी होते. बाबा बुडाले नव्हते. ते कुठेतरी फिरत होते, दुकानातून सुटे पैसे घेत होते. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘बाय, अक्षर निघावं असं तुला वाटतं?’’

‘‘वाटणारच. बाबा जिवंत होते असं होईल.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग काय?’’

त्यांनी छत्री पुन्हा मांडीवर ओढली. मग म्हणाले, ‘‘वहिनींना माझा निरोप सांग. म्हणावं, कडी हाय तशी राहू दे. सोळा वर्षं त्या एका आशेवर उभ्या हायत. दगडूची समजूत मी घालतो. त्याला काय सांगायचं ते माझं मी बघीन.’’

मला संताप आला. हा माणूस तीस वर्षं खरं-खोटं निवडत बसला, आणि आता आमच्या घराच्या वेळीच कच खातो? मी चहा अर्धा टाकून निघाले. निरोप मी सांगितला नाही. घरी गेल्यावर आईने विचारलं, ‘‘काय म्हणाले भिवाभाऊ?’’ मी म्हणाले, ‘‘काही नाही. रविवारी बोलावलंय.’’ मला अक्षर बघायचं होतं, बाकी काही नाही.

रविवारी सकाळी आईने न्हाऊन धुवट पातळ नेसलं. मंगळसूत्र गाठवायला दिलं की मधल्या वेळी गळा रिकामा राहू नये म्हणून बायका हळकुंडाचा दोरा बांधतात. तसा दोरा तिने गळ्यात बांधला आणि मग नाणं ओवल्यापासून पहिल्यांदा मंगळसूत्र उतरवलं. नाणं सोडवून मंगळसूत्रासकट रुमालात घेतलं. आम्ही तिघं, ती, दगडूकाका आणि मी, ट्रामने गिरगावात गेलो.

शामराव आरामखुर्चीत बसले होते, डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा. त्यांनी आईला बसायला सांगितलं आणि पुणेरी ठसक्यात समजावलं, ‘‘हे बघा बाई, एक सांगून ठेवतो. ते देऊळ नव्हे. त्यांच्या एका अध्यक्षाचं राहतं घर आहे ते.’’

‘‘घर आहे ना?’’ आई म्हणाली. ‘‘मग चालेल.’’

भिवाकाकांनी खिडकीतल्या मेजावर स्पिरिटचा दिवा ठेवला होता. नाणं चिमट्यात धरलं आणि आईकडे वळून विचारलं, ‘‘वहिनी, काढू? नीट विचार केलात ना?’’

‘‘केला,’’ आई म्हणाली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी शामरावांच्या नाण्यांच्या कपाटाकडे बघू लागले. क्षणभर त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी नाणं ज्योतीवर धरलं.

कथील वितळायला फार वेळ लागत नाही. कडी सुटून मेजावर पडली. काकांनी नाणं फडक्याने पुसलं, बांबूच्या काडीने हळूहळू उरलेला डाख खरवडला, ओरखडा पडू नये म्हणून दर वेळी थांबत. फुंकर मारली. भिंग लावलं. दगडूकाका हात जोडून उभा होता, कुणापुढे ते त्यालाही ठाऊक नसावं.

‘‘पी,’’ भिवाकाका म्हणाले. ‘‘मोठा. घुमटावर.’’

‘‘फिलाडेल्फिया,’’ शामरावांनी डोळे मिटून सांगितलं. ‘‘ऑक्टोबर बेचाळीस किंवा त्यानंतर. शंकाच नको.’’

दगडूकाका लहान पोरासारखा रडायला लागला. ‘‘दादा वाचलो हुतो. वयनी, दादा वाचलो हुतो.’’ माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आईला मिठी मारायला पुढे झाले. आईने मला हाताने थांबवलं.

तिने भिवाकाकांना विचारलं, ‘‘नक्की काय म्हणतं हे नाणं? सगळं सांगा.’’

काका सावकाश म्हणाले, ‘‘वहिनी, एवढंच म्हणतं की बोट बुडाली तेव्हा ते टाकसाळीतून निघालं नव्हतं. त्यानंतर ते रघुभाऊंच्या हाताला लागलं. कुठं, ते सांगत नाही. पी म्हणजे पाडलं तिथं, खर्चलं कुठं ते कोण सांगणार? पुढं ते राहिले का गेले, तेही नाण्याला माहीत नाही. दुसऱ्या बोटीवर चढले असतील. काहीही झालं असेल.’’

‘‘पण बुडायच्या वेळी बुडाले नाहीत.’’

‘‘नाही.’’

‘‘हातपाय धड होते. हातात पैसा होता. घर आठवत होतं, नाणं द्यायचं सुचलं.’’ आई थांबली. ‘‘चार ओळी लिहायचं सुचलं नाही. लिहिता येत होतं त्यांना.’’

आतून शामरावांच्या बायकोने चहाचा ट्रे आणला होता, त्या दारातच उभ्या राहिल्या. आईने दोन्ही हात मानेमागे नेले आणि हळकुंडाचा दोरा सोडला. तो गुंडाळून रुमालात ठेवला, मंगळसूत्र ठेवलं होतं त्याच रुमालात.

‘‘वयनी, ह्या काय?’’ दगडूकाका घाबरून म्हणाला. ‘‘आता विधी नाय करूचो.’’

‘‘नाहीच करायचा. जित्या माणसाला अग्नी कोण देतं?’’ ती म्हणाली. ‘‘मी वाट बघायची थांबले, एवढंच. भिवाभाऊ, कडी परत लावू नका.’’

मग तिने चहाचा कप उचलला आणि पूर्ण प्यायली.

लालबागला या गोष्टीचा फार गवगवा झाला. नवरा गेला म्हणून मंगळसूत्र काढणाऱ्या बायका सगळ्यांनी पाहिल्या होत्या. नवरा वाचला होता असं कळल्यावर काढणारी ही पहिलीच. कुंकू तिने ठेवलं. ते माझ्या आईबापाने लावलेलं आहे, असं तिने विचारणाऱ्या प्रत्येकीला सुनावलं. हळदीकुंकवाला हिला बोलवायचं की नाही, यावर चाळीत दोन तट पडले, आणि ती दोन्ही तटांकडे गेली नाही. नाणं तिने बटणांच्या डबीत टाकलं. मोर्चे चालू होते, मिल चालू होती, ती दोन्हीकडे आधीसारखीच जात राहिली. दगडूकाकाच्या स्वप्नात भाऊ यायचा थांबला.

मी मात्र भिवाकाकांशी बोलणं टाकलं. उघड कारण सांगायची मला लाज वाटत होती, पण मनात मी सगळं त्यांच्यावर ढकललं होतं. त्यांनी त्या दिवशी डाख काढायला नको होता. इतकं ठाऊक होतं तर माझ्यावर निरोप सोपवायला नको होता. आईने एकदाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, याचंही खापर मी त्यांच्याच माथी फोडलं. ते पत्रकं घेऊन आले की मी आतल्या खोलीत जाई. दीड वर्ष मी हा खेळ चालवला.

साठच्या मे महिन्याची पहिली तारीख आली. लालबागला घरोघरी कंदील, गुढ्या, गुलाल, मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. सकाळी नऊच्या सुमारास मी खाली पाणी भरत होते आणि भिवाकाका पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढत होते. त्यांचे गुडघे दुखत, दोन पायऱ्यांवर ते थांबत. मी बादली घेऊन मागे अडकले. पळून जायला वाट नव्हती.

‘‘काका,’’ मी म्हणाले, ‘‘तुमचा निरोप मी आईला दिलाच नव्हता.’’

‘‘ठाऊक हाय,’’ ते कठड्याला धरून म्हणाले. ‘‘निरोप मिळाला असता तर वहिनी त्याच दिवशी माझ्याकडं भांडायला आल्या असत्या, मला काय भित्री समजलात का म्हणून. त्या आल्या नाहीत, तेव्हाच कळलं.’’

‘‘मग तुम्ही थांबला का नाहीत? तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग तरी ज्योतीवर धरलंत.’’

‘‘वहिनी हळकुंड बांधून आल्या होत्या, बाय. एवढी तयारी करून आलेल्या बाईला मी काय म्हणून परत पाठवू? आणि तुझं नाव त्यांच्यापुढं कसं काढू?’’ त्यांनी पुढची पायरी चढली. ‘‘बादली जड हाय. आधी तू हो पुढं.’’

वर आईने त्यांना बसवलं, चहा टाकला. पेढा दिला, घेतला. खालून ताशांचा आवाज येत होता. आई मला म्हणाली, ‘‘शैला, भिवाभाऊंना एक बटण लावून दे, सदऱ्याचं तुटलंय.’’ मी डबी घेऊन आले आणि बटण शोधताना ते नाणं बाहेर पडलं. दीड वर्षात कुणी घासलेलं नव्हतं, काळंठिक्कर झालं होतं. तरी घुमटावरचं अक्षर दिसत होतं.

आई ते हातात घेऊन बघत राहिली. मग तिने विचारलं, ‘‘भिवाभाऊ, त्या दिवशी हे अक्षर निघालं नसतं तर?’’

‘‘तर विधी झाला असता. तुम्ही रडला असता, वहिनी. आणि मोकळ्या झाला असता.’’

‘‘मोकळी तर आताही झाले,’’ आई म्हणाली. ‘‘रडायचं तेवढं राहिलं.’’

आणि मग ती रडली. पदर तोंडाशी घेऊन, कुणाची लाज न धरता, सोळा वर्षं आणि वर ही दीड, सगळं एकदम. मी धावत तिच्याजवळ जायला निघाले, पण भिवाकाकांनी मला मानेनेच खाली बसायला खुणावलं. ते स्वतः जागचे हलले नाहीत. त्यांचा चहा निवला, खालचा ताशा चौकातून पुढे गेला, तरी ते तसेच बसून राहिले. आईचं रडणं ओसरल्यावर त्यांनी पेढ्यांचा उघडा पुडा नीट बांधला, तिच्या बाजूला सरकवला आणि म्हणाले, ‘‘वहिनी, चहा पुन्हा टाका. हा निवला.’’